रक्ती आव, मूळव्याध, टीबी की आतड्याचा दाह? निदानाकडे कसं जायचं

शौचातून रक्त जातंय म्हटलं की आमच्या भागात दोन निदानं आधीच तयार असतात: मूळव्याध आणि उष्णता. दोन्हींवर इलाज करणारे बसस्टँडपासून आठवडी बाजारापर्यंत बसलेले आहेत. त्यामुळे माजलगावच्या माझ्या ओपीडीत आतड्याच्या दाहाचा रुग्ण पोचतो तो बहुधा कितीतरी महिने भटकून, पिशवीभर गोळ्यांची पाकिटं घेऊन. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे ते दोन आजार. ते ओळखायचे कसे आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दुखण्यांतून वेगळे काढायचे कसे, एवढंच इथे सांगतो. उपचार हा वेगळा विषय.

पहिली तपासणी म्हणजे नीट विचारलेले प्रश्न, आणि त्यांची न लाजता दिलेली उत्तरं. "मामा, रक्त शौच झाल्यावर थेंब थेंब पडतं, का शौचात कालवून येतं?" कडक शौचानंतर लालभडक थेंब पडत असतील आणि पोटाची बाकी काही तक्रार नसेल, तर मूळव्याध असू शकते. रक्त शौचात मिसळलेलं असेल, सोबत शेंबडासारखी आव असेल आणि "परसाकडं जाऊन आलो तरी पुन्हा जावंच वाटायलंय, बसलं की चमचाभरच पडायलंय" असं माणूस सांगत असेल, तर गुदाशयाचं अस्तर सुजलेलं आहे असं धरून पुढे जावं. सुनबाई सासूसमोर हे बोलत नाही, म्हणून मी सासूबाईंना चहाला पाठवतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा प्रश्न रात्रीचा. जी हगवण गाढ झोपेतून उठवते, ती टेन्शनची म्हणून सोडून द्यायची नाही. आयबीएसवाल्याचं, म्हणजे आतडं न सुजताही पोट बिघडत राहणाऱ्याचं, पोट वर्षानुवर्षं दुखतं, पण वजन तेवढंच राहतं, रक्त जात नाही आणि सहसा झोप मोडत नाही. वजनाचं विचारलं तर कुणालाच आकडा माहीत नसतो. ब्लाउज ढिले झाले का, पट्ट्याला नवं भोक पाडलं का, असं विचारलं की उत्तर लगेच येतं.

पोटाबाहेरच्या खुणाही सांगा: सारखं तोंड येणं, डोळा लाल होऊन दुखणं, गुडघे-घोटे सुजणं, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी. तरुण पोराचं भगंदर ऑपरेशन करूनही पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर क्रोन्सची शंका घ्यायलाच हवी. आणि गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही लपवू नका. त्या गोळ्यांनीसुद्धा आतड्याला व्रण पडतात.

मग शौचाची तपासणी. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अमीबाची नि जंतूंची आव आमच्याकडे घरोघर असते, पण ती बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आवरते. चार आठवड्यांच्या पुढे गेलेल्या हगवणीचा विचार नव्याने करावा लागतो. नमुना घरून डबीत भरून एसटीने आणू नका. जिवंत, हलणारा अमीबा दिसायला शौच ताजं लागतं, अर्ध्या तासाच्या आतलं. लॅबमध्ये जाऊनच द्या. लाल पेशी गिळलेला अमीबा दिसला तर प्रश्न मिटला. अमीबा नाही याची खात्री होण्याआधी कुणी स्टेरॉइड सुरू करत असेल तर हात जोडून थांबवा, आतडं फुटू शकतं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही फरक नसेल तर तिसरा मागू नका. त्या गोळ्यांमुळेच सी. डिफिसाइल नावाचा जंतू माजतो, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, आणि अल्ब्युमिन हे प्रथिन बघतो. कोलायटिसमध्ये सीआरपी नॉर्मलही येतो, त्यामुळे तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी महाग आहे, पण उपयोगाची. 50 च्या खाली असेल तर आतड्याला दाह असण्याची शक्यता कमी. 250 च्या वर असेल तर दाह चालू आहे असं समजावं. मधलं आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. मात्र आतडं सुजलंय एवढंच हा आकडा सांगतो, कशाने ते सांगत नाही. टीबी, जंतुसंसर्ग, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्यांनीच तो वाढतो.

पुढचं पाऊल कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं. त्यासाठी आमच्याकडचे लोक अंबाजोगाई, लातूर नाही तर संभाजीनगर गाठतात. कुठेही करा, पोट साफ नसेल तर पैसे पाण्यात. आणि साफ करायचं म्हणजे पावडर घातलेलं दोन-दोन लिटर पाणी पिऊन दिवसभर संडासात जाणं. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात हे सोपं नाही. म्हणून तारीख घेताना मी विचारतो, पाण्याचा वार कोणता? दोन-तीन दिवस आधीपासून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, बियांची फळं बंद. मऊ भात चालतो, आदल्या दिवशी फक्त नारळपाणी, वरणाचं गाळलेलं पाणी. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या, नाही तर आतडं काळं दिसतं. साखरेची, रक्त पातळ करायची औषधं असतील तर डॉक्टरांना आधी विचारा.

दुर्बिणीतून अल्सरेटिव्ह कोलायटिस दिसतो तो गुदाशयापासून वर, सलग, मध्ये चांगला तुकडा न सोडता. तो मोठ्या आतड्यापुरता आणि वरच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याच्या आवडीचा. मधले भाग चांगले सोडून उडत उडत जातो, आतड्याची पूर्ण भिंत खातो. म्हणून आतडं अरुंद होणं, उजव्या बाजूला खाली कळ, जेवल्यावर पोट फुगून गुडगुडणं, भगंदर. दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंत गेली होती का, हे रिपोर्टमध्ये बघा. 'टर्मिनल आयलियम' हे शब्द नसतील तर विचारा. दुर्बिणीतूनच तपासणीसाठी आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे (बायोप्सी) काढतात. ते पाच तरी ठिकाणचे, चांगल्या दिसणाऱ्या भागाचेही घ्यावे लागतात. तरीही काही जणांचं नाव पहिल्या फेरीत ठरत नाही. कोलायटिस म्हटलेला पुढे क्रोन्स निघतो, त्यात कुणाची लबाडी नसते.

आता टीबी. पुस्तकं पाश्चात्त्य देशांची असली तरी आपल्याकडे क्रोन्सचा खरा जुळा भाऊ आतड्याचा टीबीच. दोघांनाही लहान आतड्याच्या शेवटाची तीच जागा लागते, दोघांतही ताप, वजन घटणं, पोटदुखी. टीबीत व्रण आडवे, पोटात पाणी, लहान-मोठ्या आतड्यांमधल्या झडपेचं तोंड उघडं पडलेलं आणि सीटीत मधोमध सडलेल्या गाठी दिसू शकतात. क्रोन्समध्ये व्रण उभे लांब, तक्रार वर्षानुवर्षांची, रक्त आणि भगंदर जास्त. यातली एकच खूण धरून बसता येत नाही. म्हणून तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. फॉर्मेलिनच्या बाटलीतला सूक्ष्मदर्शकाखाली जातो, पण त्यात टीबीचे जंतू मरतात. कल्चरला (जंतू वाढवून बघायला) आणि जीन एक्सपर्टला (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) वेगळा तुकडा साध्या सलाइनमध्ये लागतो. सलाइनची बाटली ठेवली का, हे तपासणीआधीच विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. जीन एक्सपर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं होत नाही, आतड्यात जंतू फार थोडे असतात.

तेवढं करूनही संशय राहिला तर टीबीची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करतात. व्रण भरले असतील तर टीबी. ताप गेला, बरं वाटलं एवढ्यावर ठरवायचं नाही, क्रोन्सवाल्यालाही या गोळ्यांनी काही दिवस बरं वाटतं. आमची अडचण इथेच: ती दुसरी तारीख ऊसतोडीच्या हंगामात येते आणि माणूस कोल्हापूरच्या फडात असतो. दसऱ्याआधी औषध सुरू करताना मी मुकादमाचा नंबरही लिहून घेतो. क्रोन्स ठरलाच, तर इन्फ्लिक्सिमॅबसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्सरे आणि मॅन्टू (कातडीत टोचून करायची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी करून लपलेला टीबी शोधावाच लागतो.

मोठ्या शहरात दुसरं मत घ्यायला जाताना नुसती कागदं नेऊ नका. पॅथॉलॉजीवाल्याकडून काचेवरच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा, मागून न्या, म्हणजे पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ती शौच, सोबत ताप, नाडी 90 च्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, किंवा पोट फुगून कडक झालेलं असेल, तर हे वाचत बसू नका, तपासण्यांचा क्रमही पाळू नका. त्याच दिवशी सर्जन असलेल्या दवाखान्यात भरती व्हा.