वायर ऑफिसची, वायफाय बाहेरचं: दोन्ही एकाच विंडोज पीसीवर

अंधेरी एमआयडीसीतल्या छोट्या ऑफिसांत ही तक्रार नेहमीची. लॅन केबलवर टॅलीचा सर्व्हर आणि प्रिंटर, इंटरनेट मात्र वायफायवर. केबल लावली की नेट गायब, काढली की सर्व्हर गायब.

कारण साधं आहे. केबल आणि वायफाय, दोन्ही नेटवर्क कार्डांना डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे सहसा राउटरचा पत्ता) असला, की विंडोज कमी मेट्रिकचा (रस्त्याचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा) रस्ता धरतं. गिगाबिट केबलचं आपोआप ठरणारं मेट्रिक 25, वायफायचं सहसा त्याहून जास्त. त्यामुळे सगळी रहदारी केबलवर जाते आणि तिथे पुढे नेटच नसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'राउट प्रिंट' (route print) चालवा, 0.0.0.0 च्या, म्हणजे डिफॉल्ट रस्त्याच्या, दोन ओळी दिसतील.

मी केबलच्या आयपीव्ही4 प्रॉपर्टीजमध्ये आयपी 192.168.10.25, मास्क 255.255.255.0 हाताने भरला आणि गेटवे रिकामा ठेवला. बस्स. सर्व्हर त्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) असल्याने गेटवे लागतच नाही. दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर 'राउट ॲड' (route add) कमांडने तेवढाच मार्ग टाका. त्यात 'पी' स्विच (-p) विसरलात तर रीस्टार्टनंतर तो पुसला जातो.

केबलवर डीएचसीपी (आयपी आपोआप मिळण्याची सोय) ठेवणं भाग असेल, तर त्याच प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढून 100 द्या आणि वायफायला 10. आयपीव्ही6 चालू असेल तर त्याचं मेट्रिक वेगळं बदलावं लागतं, हे हमखास राहून जातं.

दोन्ही राउटर 192.168.1.1 वर असतील तर मात्र यातलं काहीच धड चालणार नाही. आधी एकाची आयपी पत्त्यांची रेंज बदला. आणि दोन जोडण्यांनी एकाच डाउनलोडचा वेग दुप्पट होईल, ही आशा सोडा.