ऑक्टोबरफेस्टला जाण्याआधी: पाठीवरची सॅक कुठे ठेवणार ते आधी ठरवा

युरोपभर सॅक पाठीला लावून फिरणाऱ्या ग्रुपची जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिली अडचण होते ती नेमकी त्या सॅकचीच. ऑक्टोबरफेस्ट या तिथल्या बिअरच्या उत्सवाच्या मैदानात ३ लिटरपेक्षा मोठी किंवा २० बाय १५ बाय १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या मापाची कुठलीही पिशवी आत नेऊ देत नाहीत. २०१६ पासून मैदानाला कुंपण आहे आणि प्रत्येक दारावर तपासणी होते. रोजच्या फिरण्याची छोटी सॅकसुद्धा या मापात बसत नाही. काचेची बाटलीही चालत नाही. म्हणून यादीतली पहिली वस्तू म्हणजे कमरेला बांधायचा लहानसा पाऊच. फोन, छोटी पॉवरबँक, पैसे आणि खोलीची किल्ली मावली की पुरे.

मोठ्या सॅकची सोय आदल्या रात्रीच करा. रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने सकाळी उतरायचे आणि स्टेशनवरच्या लॉकरमध्ये सामान टाकून थेट मैदान गाठायचे, हा बेत हमखास फसतो, कारण त्याच वेळी तोच बेत केलेले हजारो लोक स्टेशनवर असतात आणि मोठे लॉकर सगळ्यांत आधी भरतात. ५०–६० लिटरची सॅक लहान लॉकरमध्ये जात नाही. हॉस्टेलला आधी ई-मेल करून तीन गोष्टी विचारा: चेक-इनच्या आधी सामान ठेवता येईल का, चेक-आउटनंतर किती वाजेपर्यंत ठेवता येईल, आणि सामानाची खोली रात्री बंद होते का. स्वतःचे कुलूप प्रत्येकाने घरूनच न्यावे. मुख्य स्टेशनवर जागा मिळाली नाही तर ओस्टबानहोफ किंवा पासिंग स्टेशनचे लॉकर पाहा. दोन्हीकडून एस-बान, म्हणजे शहराची लोकल, मिळते.

तारखेचा नियम सोपा आहे. १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी उत्सव सुरू होतो. २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. पहिल्या शनिवारी दुपारी १२ वाजता महापौर पहिले पिंप फोडतात आणि तोवर कुठल्याच तंबूत बिअर मिळत नाही. तो क्षण पाहायचाच असेल तर पहाटेपासून रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवा. नाहीतर मंगळवार ते गुरुवारातला एक दिवस निवडा आणि सकाळी ११ च्या आत आत शिरा. प्रवेशाला तिकीट नाही. मधला शनिवार-रविवार मात्र टाळाच.

ग्रुप किती जणांचा, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तंबूत बसायला जागा असेल तरच बिअर मिळते, वाटेत उभ्या माणसाला वाढत नाहीत. एका टेबलाशी साधारण १० माणसे बसतात आणि आरक्षण बहुतेक पूर्ण टेबलाचेच होते. ते थेट त्या तंबूकडूनच करावे. इंटरनेटवर चढ्या भावाने विकली जाणारी आरक्षणे घेऊ नका, दारावर ती नाकारली जाऊ शकतात. आरक्षण नसेल तर आठ जणांनी चार-चारच्या दोन तुकड्या कराव्यात. चौघांना अनोळखी टेबलावर सरकून जागा मिळते, आठांना मिळत नाही. ‘इथे कोणी आहे का’ असे विचारून बसायची पद्धत आहे, लाजू नका. सकाळी मिळालेल्या जागेवर संध्याकाळचे आरक्षण असू शकते. टेबलावरची वेळेची चिठ्ठी वाचूनच ऑर्डर द्या.

त्या दिवसांत म्युनिकमधली राहण्याची जागा कित्येक पटींनी महागते. जवळच्या आउग्सबुर्ग शहरात मुक्काम करून बायर्न तिकिटावर, म्हणजे बव्हेरिया राज्याच्या एक दिवसाच्या तिकिटावर, ये-जा करणे हा चांगला उपाय आहे. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालते. प्रादेशिक गाड्यांत आणि म्युनिकच्या उ-बान (मेट्रो), एस-बान, ट्रामवर ते वैध असते, वेगवान आयसीईवर नाही. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ पासून लागू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ ला संपते. तिकिटावर सगळ्यांची नावे लिहावी लागतात. हे तिकीट साल्झबुर्गपर्यंतही चालते, पण तिकडून येणार असाल तर मूळ पासपोर्ट जवळ हवाच, ऑस्ट्रियाच्या हद्दीवर गाडीत तपासणी होते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येकाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवा.

मैदानाच्या नावाचे स्टेशन, टेरेझिएनवीझे, गर्दी झाली की तात्पुरते बंद करतात. उ-३ किंवा उ-६ ने ग्योटेप्लात्झला उतरा, किंवा एस-बानने हाकरब्र्युकेला. मुख्य स्टेशनवरून पायी १५–२० मिनिटे लागतात.

आता पिण्याचा हिशेब, आणि हा मनापासून वाचा. इथे बिअर ‘मास्स’ने मिळते, म्हणजे एक लिटरचा जाड काचेचा मग, आणि उत्सवाची बिअर साधारण ६ टक्क्यांची असते. एका मगात ६० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झाले. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या दारूचे ३० मिलिलिटरचे जवळजवळ पाच पेग! चव सौम्य असल्याने हे लक्षात येत नाही आणि दुसऱ्या मगाला माणूस कोसळतो. आधी पोटभर खा, मधे पाणी प्या, आणि ग्रुपमध्ये एकाने त्या दिवशी न पिण्याचे आधीच कबूल करावे. राडलर मागितली तर अर्धी बिअर, अर्धे लिंबूपेय येते. बाकावर उभे राहून गाणे चालते, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात. बिअरचा मग घेऊन निघणे ही चोरी धरतात, हवाच असेल तर विकत घ्या.

शाकाहारींनी चीजचे ओबाट्झ्डा, मोठे ब्रेत्झन (पिळाचा खारा पाव), बटाट्याचे रायबरडात्शी यांवर भर द्यावा, पण रायबरडात्शीत बहुतेकदा अंडे असते. केझश्पेट्झले चीजचे असले तरी त्याच्या शेवयांतही अंडे असते आणि कोबीच्या भाजीत अनेकदा डुकराची चरबी असते, तेव्हा विचारूनच घ्या.

बिअर वाढतानाच तिचे पैसे लगेच द्यावे लागतात. सगळ्यांनी सकाळीच कॉन्ट्री काढून रोख एकाकडे द्यावी, सुट्या नोटांत. २०२५ मध्ये एका मगाचा दर साधारण साडेचौदा ते पावणेसोळा युरो होता, त्यावर थोडी टीप. फॉरेक्स कार्ड दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे असू द्या. आपले नेहमीचे यूपीआय इथे कामाचे नाही.

कपड्यांत बंद बूट महत्त्वाचे, कारण जमिनीवर काचा असतात. म्युनिक समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे, सप्टेंबरअखेरीस रात्री पारा १० अंशांखाली जातो. जाकीट कमरेलाच बांधा, बाकावर ठेवलेले परत मिळत नाही.

संध्याकाळी फोन लागेलच याची खात्री धरू नका. मैदानाशेजारच्या ‘बव्हेरिया’ नावाच्या १८ मीटरहून उंच पुतळ्याच्या पायऱ्या ही भेटण्याची जागा आणि एक ठरलेली वेळ सकाळीच पक्की करा. पुतळ्यामागच्या उतारावर झोपू नका, तिथे खिसे कापले जातात. मैदानातल्या सेवा केंद्रात पोलीस, हरवलेल्या वस्तूंची खिडकी आणि एकट्या पडलेल्या मुलींसाठी सुरक्षित जागा आहे. ते केंद्र नेमके कुठे आहे ते आत शिरल्यावर, उजेडातच सगळ्यांनी मिळून पाहून ठेवा. तातडीचा क्रमांक ११२.