कुंडीबाहेर पडलेलं ऑर्किड: या चुका टाळा

कुंडीचा काठ ओलांडून गेलेलं कॅटलिया, हवेत लोंबणारी चार पांढरी मुळं आणि सोबत प्रश्न: "आजच कुंडी बदलू ना?" असे फोटो इतक्या वेळा येतात की उत्तर पाठ झालंय. आज नको.

कॅटलिया, ऑन्सिडियम ही आडवी चालणारी ऑर्किडं. प्रत्येक नवा कोंब आधीच्या बल्बच्या पुढ्यात फुटतो. (बल्ब म्हणजे स्यूडोबल्ब, ते फुगीर खोड.) दोन-तीन वर्षांत काठ येतो आणि पुढचा कोंब हवेत वाढतो. झाडाला काहीही झालेलं नसतं, घाई आपल्याला झालेली असते.

वेळ न बघता कुंडी बदलणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलणार. माझं एक कॅटलिया दोन बल्ब बाहेर आलं होतं. मुळं मातीच्या कुंडीला बाहेरून घट्ट चिकटलेली. रविवारची दुपार रिकामी होती, एवढ्या एका कारणावरून मी ते उपसायला घेतलं. नवा बल्ब पूर्ण भरलेला, त्याची मुळं वीतभर वाढून थांबलेली. ओढली तशी कचाकच तुटली. बल्बना सुरकुत्या पडल्या, पुढचा कोंब करंगळीएवढाच राहिला. फूल दिसायला दोन वर्षं लागली. तेवढी दुपार झोपलो असतो तर बरं झालं असतं.

आता मी नव्या कोंबाच्या बुडाशी बघतो. तिथे आधी हिरवट टेंगळं येतात, मग त्यातून टोकदार मुळं डोकावतात. ती नखाएवढी झाली की कुंडी बदलायची, कारण ती थेट नव्या मिश्रणात (कुंडीत भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे) शिरतात आणि झाड पटकन सावरतं. बोटभर होईपर्यंत थांबलात तर ती हाताळताना मोडतात. हिरवं टोक फार ठिसूळ असतं. महिना कुठला, ते विचारू नका. काहींना कोंब अर्धा वाढल्यावर मुळं येतात, काहींना फुलं संपल्यावर. तोवर अगदीच राहवत नसेल तर लोंबत्या मुळांखाली दुसरी छोटी कुंडी टेकवून ठेवा. झाड आपणहून तिच्यात उतरतं.

आणि चिकटलेली मुळं सुरीने खरवडू नका. आधी अर्धा तास पाण्यात बुडवा, भिजली की ती लवचिक होतात. तरीही सुटली नाहीत तर मी सरळ हातोडी घेतो आणि खापऱ्यांसकट झाड नव्या कुंडीत ठेवतो.

"आता मोठ्ठी कुंडी देऊ, पुन्हा कटकट नको"

दुसरा आवडता शॉर्टकट. मोठ्या कुंडीच्या मध्यभागी मुळं पोहोचलेली नसतात, तिथलं पाणी प्यायला कोणी नाही. वरून कोरडं, आतून ओलंचिंब, आणि मुळं कुजतात. आणखी दोन बल्ब मावतील एवढीच जागा द्या. जुनी बाजू काठाला टेकवा, नव्या कोंबासमोर मोकळी जागा ठेवा. झाड मधोमध लावलं की फोटो छान येतो, पण अर्धी कुंडी मागच्या बाजूला वाया जाते.

आडवं खोड, म्हणजे रायझोम, मिश्रणाच्या वरच राहू द्या. झाड डुगडुगतं म्हणून लोक ते खोल पुरतात, मग कोंब बुडातून कुजतो. डुगडुगणं थांबवायलाच हवं, कारण प्रत्येक हेलकाव्याला मुळांची टोकं घासली जातात. पण त्याला उपाय काठी आणि सुतळी. लावून झाल्यावर मी झाड धरून उचलून बघतो. कुंडीही सोबत उचलली गेली पाहिजे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जुनं मिश्रण तसंच ठेवून वर नवीन भरणे: सालीचे तुकडे बोटांनी दाबल्यावर भुगा होत असतील तर सगळे काढा.

एकाच कात्रीने दहा झाडं कापणे: विषाणू रसातून पसरतात आणि त्यावर इलाज नाही. मी पातं ज्योतीवर तापवतो.

एकेक बल्ब सुटा करून "पाच झाडं" बनवणे: तीन-चार बल्बचा गट ठेवा, नाहीतर फुलांची वाट बघत बसाल.

दालचिनीची पूड मुळांवर फासणे: ती मुळांना सुकवते. बल्बच्या कापावर चिमूटभर, बस.

हवेतली जुनी मुळं कोंबून आत घालणे: हवेला सरावलेली मुळं ओल्यात बऱ्याचदा कुजतात. बाहेरच राहू द्या.

लगेच खत: नवी मुळं चालायला लागेपर्यंत नाही. पाणीही पहिले काही दिवस बेताने, सावलीत, पानांवर हलका फवारा.

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचं प्रकरण वेगळं. ते पुढे चालत नाही, वर चढतं, आणि खाली उघडा बुंधा उरतो. तो बुंधा तपकिरी, वाळका असेल तर जिवंत मुळांच्या खालून कापा आणि झाड खाली बसवा. मूळ मेलंय का हे रंगावरून ठरवू नका, दाबून बघा. भरीव लागलं तर जिवंत, पोकळ असेल तर साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो.

टोपलीतल्या वांडा ऑर्किडला तर हातच लावू नका. फारच झालं तर जुन्या टोपलीसकट मोठ्या टोपलीत ठेवा. मुळं हवेत लोंबतायत म्हणून कुंडी शोधायला निघालेल्यांना मी एवढंच विचारतो: झाडाने तक्रार केली का?