सॉफ्टवेअर घेतलं, तरी वही सुटेना? सर्व्हिसचा धंदा डिजिटल करताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये नाशिकच्या कुठल्याही एसी रिपेअरिंगच्या दुकानात डोकावा. काऊंटरवर टॅब असतो, त्यात कंप्लेंट नोंदवायचं सॉफ्टवेअर असतं आणि टॅबच्या खाली एक लांबट वही असते. फोन आला की पेन वहीवरच चालतं. टॅबमध्ये रात्री वेळ मिळाला तर भरायचं. जूनपर्यंत शेठ सांगायला मोकळे, "आपल्याकडे हे सॉफ्टवेअर चालत नाही."

सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बरं असतं. काम अडतं ते कंप्लेंट एकाकडून दुसऱ्याकडे जाते त्या ठिकाणी. फोन घेणारी मुलगी, सिडकोतून अंबडला निघालेला टेक्निशियन, बिल करणारा आणि पैसे आले का ते बघणारे शेठ, ही साखळी. म्हणून डेमोला बसण्याआधी एक कंप्लेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी जाते ते कागदावर लिहून काढा. कोण लिहितो, कधी लिहितो, पुढच्याला कसं कळतं. जिथे "तो फोन करून सांगतो" असं लिहावं लागेल, तिथेच उद्या गोंधळ होणार. आधी तेवढं ठरवा, मग सॉफ्टवेअर निवडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "थोडे दिवस दोन्ही चालू ठेवू." डबल लिहिण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो आणि त्यात सवयीची वहीच जिंकते. आठवडाभर दोन्ही ठेवा, मग ठरलेल्या तारखेला वही कपाटात गेली पाहिजे. नेट गेलं तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी सुट्या कागदांचं एक पॅड ठेवा. शटर खाली करण्याआधी त्यातलं सगळं सिस्टिममध्ये गेलं की कागद फाडून टाका. आणि हा बदल सीझनमध्ये करू नका. एसीवाल्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर गाठावा. पंचवटीतले लॉजवाले आणि ट्रॅव्हल्सवाले यांच्या डोक्यावर सिंहस्थ आहे, ऑगस्ट २०२७ पासून अमृतस्नानं. ऐन गर्दीत नवं बुकिंग सॉफ्टवेअर सुरू करायचं धाडस कोणी करू नये.

दुसरी चूक टेक्निशियनच्या ॲपमध्ये होते. कंपनीवाल्याने डेमोत चौदा रकाने दाखवलेले असतात, शेठ खूश होतात. इकडे पोरगा सातपूरच्या एखाद्या शेडवर भर उन्हात गॅस भरतोय, हात काळे झालेत. तो सगळीकडे "ओके" टाकणार, दुसरं काय करणार? त्याच्याकडून तीनच गोष्टी मागा: कामाचा फोटो, लागलेले पार्ट, घेतलेले पैसे. बाकीचं ऑफिसमधून भरा. त्याचा इन्सेंटिव्ह ॲपमधल्या नोंदीवरूनच काढा, म्हणजे नोंद राहिली तर तोच मागे लागेल. ओरडून हे काम होत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

जुना डेटा चढवताना तर खरी गंमत होते. एक्सेलमधली नावं शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतील तर नव्या सिस्टिममध्ये नुसती चिन्हं दिसतात, आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. मोबाईल नंबर ९.८२E+०९ असा दिसत असेल तर तो रकाना आधी टेक्स्ट करा. तारखेवर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा: ०४/०५ म्हणजे आपली ४ मे, पण अमेरिकन सेटिंग असलेलं सॉफ्टवेअर तिला ५ एप्रिल समजतं आणि एएमसीचा, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचा मेसेज महिनाभर आधी जातो. "जेलरोड पाटील", "पाटील काका" आणि "पाटील सर एसी" हे तिघं एकच निघतात, म्हणून ग्राहकाची ओळख मोबाईल नंबरवर ठेवा. दहा वर्षांचं सगळं चढवायचा हट्टही नको. चालू एएमसी आणि गेल्या दोन वर्षांची कामं पुरेत.

पैशांकडे वळू. स्कॅनर शेठच्या घरगुती खात्याला जोडलेला, घाईत टेक्निशियन स्वतःचा नंबर देतो, मग महिनाअखेर कुठलं बिल कुणाचं ते लागत नाही. धंद्याचं करंट खातं एकच ठेवा आणि बिलाची रक्कम आधीच भरलेला क्यूआर सॉफ्टवेअरमधूनच द्या. ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं धरू नका. १२ अंकी यूपीआय रेफरन्स नंबर आपल्या खात्यात दिसला तरच बिल बंद करा.

टॅक्सचा दरही एकदा उघडून बघा. सलून आणि जिमच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बदलला का? आणि सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे, नोंदणी केलेली नाही, तरी बिलावर टॅक्स छापून येत असेल तर ते सेटिंग आजच बंद करा. नोंदणी नसताना टॅक्स घेता येत नाही.

"व्हॉट्सॲपवर ऑफर टाकली, कुणाचाच रिप्लाय नाही." साध्या ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो. बिल देतानाच ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगा. गुगलवर दुकानाच्या नावापुढे "नाशिकमधील बेस्ट एसी रिपेअर" असं जोडू नका, लिस्टिंग सस्पेंड होऊ शकतं. पाटीवर आहे तेच नाव लिहा.

लॉजवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. यात्रेकरूंच्या आधारचे फोटो रिसेप्शनवरच्या पोराच्या खासगी मोबाईलमध्ये साठतात आणि तो नोकरी सोडतो तेव्हा त्याच्यासोबतच जातात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचे नियमही आले आहेत. लॉजचा वेगळा फोन ठेवा आणि काम झालं की फोटो काढून टाकायची पद्धत लावा.

गुगल लिस्टिंग, डोमेन (वेबसाईटचा पत्ता) आणि सॉफ्टवेअरचं मुख्य लॉगिन हे सगळं करून देणाऱ्या एजन्सीच्या ईमेलवर असेल तर या आठवड्यात ते आपल्या नावावर करून घ्या. सॉफ्टवेअरचे पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडून सगळ्या ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये मागा आणि ती फाईल आपल्याच कॉम्प्युटरवर उघडून, नावं आणि नंबर नीट दिसतात का ते तपासा.