करधोरणात लोकमताचं वजन किती धरायचं?

तुमचं अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, करभार सरकवण्याचा (म्हणजे कर भरतो एक आणि त्याचा बोजा पडतो दुसऱ्यावर, याचा) सिद्धांत पाठ आहे, हे धरूनच चालते. पण पहिल्याच अहवालात ‘या कराला लोकांचा विरोध आहे’ असं वाक्य येतं आणि त्याचं काय करायचं, हे वर्गात कुणी सांगितलेलं नसतं. मग आपण सरळ म्हणतो, लोकांना कळत नाही. मीही तेच म्हणत होते, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावते.

एलबीटी, म्हणजे महापालिकांचा स्थानिक संस्था कर, आठवा. पुण्यात एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन तो आला. कागदावर जकातीपेक्षा सरस: नाक्यावर ट्रक खोळंबत नाहीत, व्यापाऱ्याने हिशेब ठेवायचा आणि कर भरायचा. तरी व्यापाऱ्यांनी निषेधात बाजारपेठा बंद ठेवल्या. माझा निष्कर्ष तयारच होता, चुकवेगिरीची सोय गेली म्हणून ही ओरड. काहींच्या बाबतीत असेलही तसं. पण व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की व्हॅटची, म्हणजे राज्याच्या विक्रीवरच्या कराची, नोंदणी आहेच, त्यावर महापालिकेची वेगळी नोंदणी, वेगळं विवरणपत्र, शिवाय दुकानात डोकावणारा आणखी एक अधिकारी. हा कर भरण्याचा खर्च झाला आणि माझ्या गणितात तो शून्य होता! ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी उठला आणि महापालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. ज्याच्या खिशातून हा कर शेवटी जायचा तो ग्राहक मात्र या सगळ्यात गप्प होता, कारण त्याची संघटना नाही. म्हणजे आवाजावरून वजन ठरवलंत तरी फसाल आणि आवाज कानाआड केलात तरी फसाल.

विरोध ऐकला की आधी तो कशाला आहे ते वेगळं काढा: माहिती, न्यायाची कल्पना की सरकारवरचा विश्वास. अमेरिकेत कुझिएम्को, नॉर्टन, साएझ आणि स्टान्चेव्हा यांनी २०१५ च्या निबंधात दाखवलं, की वारशावरचा कर फार थोड्या श्रीमंतांनाच लागतो एवढं सांगितल्यावर त्याला असलेला पाठिंबा दुपटीहून जास्त झाला. पण विषमतेची माहिती देऊनही बाकीच्या बहुतेक धोरणांवरची मतं फारशी हलली नाहीत. स्टान्चेव्हांच्या २०२१ च्या अभ्यासात तर लोक करांचा विचार कार्यक्षमतेपेक्षा न्याय आणि सरकारवरचा भरवसा यांच्या अंगाने जास्त करताना दिसतात. माहितीची चूक तुम्ही दुरुस्त करा, हरकत नाही. ‘बापाने एकदा कर भरलाय, पुन्हा कशाला?’ हे मात्र मूल्य आहे. त्याला गैरसमज म्हणायचा अधिकार तुमच्या पदवीने दिलेला नाही.

ऑनलाइन कौल घेऊन त्याला लोकमत म्हणू नका. तो फुकटातला आळस आहे. आणि ‘लोकमत हे पुढाऱ्यांचं काम’ म्हणणारे मार्गदर्शक मिळाले तर त्यांच्याकडून अर्थमिती शिकून घ्या आणि पुढे निघा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते छोट्या दुकानदारांची विवरणपत्रं भरणाऱ्या एका करसल्लागारांनी.

घाबरू मात्र नका. पहिली प्रश्नावली सगळ्यांचीच भोंगळ होते. ‘कर कमी व्हावा का?’ असं विचारलंत तर शंभरातले शंभर हो म्हणतील. त्याऐवजी आधी विचारा, हा कर कोण भरतं असं तुम्हाला वाटतं? मग विचारा, तो गेला तर पाणीपुरवठ्याचे पैसे कुठून आणायचे? दर किती असावा, हा प्रश्न त्यानंतर.