तळ्याच्या बांधाला खांड पडली तर

मुंबईत गोराई-मनोरीकडे वाडीतल्या तळ्याचा मातीचा बांध पावसात फुटला की पहिला मोह होतो तो खांडीत डेब्रिज, म्हणजे पाडकामाचा राडारोडा, टाकण्याचा. ट्रकवाला फुकट टाकून जातो ना! पण विटा-सिमेंटच्या तुकड्यांतून पाणी वाट काढतं आणि पुढच्या जुलैत खांड पुन्हा तिथेच पडते.

पाऊस सरल्यावर खांडीतला गाळ, मुळं, सैल माती पार घट्ट थरापर्यंत काढा. उभ्या कडा तशाच ठेवून मधे माती लोटू नका, जोडावर भेग राहते. कडांना तिरका उतार देऊन पायऱ्या पाडा, म्हणजे नवी माती जुनीत गुंतते. माती चिकण हवी. मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच. माती बसते, म्हणून माथा थोडा उंच ठेवा.

बांध पाणी वरून गेल्याने फुटला असेल तर आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट, रुंद करा. पाऊस किती येऊ शकतो ते लक्षात ठेवा: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. उतारावर हरळी लावा, झाडं नकोत.