इंदूरमधे रॉक कॉन्सर्टला जाताय? मग दुपारी चारलाच घर सोडा

इंदूरमधे मित्रांसोबत रॉक शोला जायचं ठरलं की सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, उघड्या मैदानावरचा शो साधारण रात्री दहाला आटोपतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे जे नियम आहेत त्यात रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, अन् राज्य सरकारला सणवार वगैरेसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते पण ती आपल्याच शोच्या दिवशी असेल असं धरून चालू नका. म्हणजे "जेवून निघू, नऊपर्यंत पोचू" हा लग्नाच्या रिसेप्शनचा हिशोब इथे चालत नाही. नऊला पोचलात तर अर्धा शो गेला. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवरूनच येतं, लवकर निघा, लवकर आत जा.

आधी तिकिटं. ग्रुपमधल्या एकानेच सगळ्यांची काढायची अन् सगळ्यांची एकाच कॅटेगरीची, कारण दोघं फॅनपिटमधे (स्टेजला लागून असलेली महागडी जागा) अन् चौघं मागे जनरलमधे असं झालं की मधे बॅरिकेड येतं मग पूर्ण संध्याकाळ तोंड बघायला मिळत नाही एकमेकांचं. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी सगळ्यांनी मागचं घ्या, मी तर म्हणतो मागचंच चांगलं, का ते खाली येईलच. बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट, ज्या ॲपवर अधिकृत विक्री आहे तिथूनच घ्या. कोणी अनोळखी माणूस शेवटच्या दिवशी पीडीएफ पाठवतो म्हणाला तर नको म्हणा, क्यूआर एकदाच स्कॅन होतो, तेच तिकीट त्याने चार जणांना विकलं असेल तर जो पहिला पोचला तो आत अन् बाकीचे गेटवर.

शोच्या आधीच्या आठवड्यात बँड ऐकून ठेवा. प्रत्येक ग्रुपमधे दोन-तीन जण असतात ज्यांनी रॉक असं कधी मन लावून ऐकलेलं नसतं, घरी नाट्यसंगीत नाहीतर हिंदी गाणी, अन् ते फक्त दोस्तीखातर येतात. त्यांना पूर्ण लिस्ट पाठवू नका, चार गाणी पाठवा, त्यातलं एखादं लाइव्ह रेकॉर्डिंग असू द्या कारण स्टेजवर गाणं लांबतं, मधे गिटार सोलो येतो, ड्रमर एकटा वाजवतो. इंडियन ओशन सारखा बँड, १९९० पासून वाजवतायत दिल्लीचे, त्यांची गाणी मैफलीसारखी हळूहळू चढतात, ज्याला हे आधी माहीत आहे तो थांबतो अन् ज्याला माहीत नाही तो चौथ्या मिनिटाला मोबाइल काढतो.

कपडे. सीझन मुख्यतः थंडीचा, अन् माळव्यातली थंडी दुपारी अजिबात कळत नाही, ऊन पडलेलं असतं, मग रात्री मैदानावर वारा सुटला की हुडहुडी भरते. जॅकेट कमरेला बांधून न्या. पायात बंद बूट, चप्पल-सँडल बिलकुल नको, गर्दीत बोटं तुडवली जातात. बायपासकडची मैदानं म्हणजे आपली काळी माती, हजारो लोक उड्या मारायला लागले की धूळ उठते, रुमाल किंवा मास्क खिशात ठेवा, ज्याला दमा आहे त्याने पंप विसरू नये. मोठी बॅग, पॉवरबँक, बाटली, परफ्यूम हे बऱ्याच गेटवर काढून घेतात, तिकिटाखाली बारीक अक्षरात लिस्ट असते ती वाचूनच निघा.

आता कान. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे कोणी बोलतच नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास ऐकला तर चालतो असं मानतात, अन् त्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत करत १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. रॉक शोमधे स्टेजजवळ शंभर किंवा त्याच्यावर सहज जातो, अन् शो असतो दोन-अडीच तासांचा. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, म्हणून इअरप्लग लावा. फोमचे मेडिकलवर मिळतात, स्वस्त असतात. लावायची पद्धत मात्र नीट समजून घ्या कारण बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवतात अन् म्हणतात काही फरक पडत नाही. प्लग दोन बोटांत फिरवून फिरवून एकदम बारीक, काडीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर अन् मागे ओढा म्हणजे आतली वाट सरळ होते, प्लग आत सरकवा अन् तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला की तुमचाच आवाज तुम्हाला डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटेल. फोमने वरचे सूर जास्त दबतात म्हणून गाणं थोडं घोंगडीतून आल्यासारखं लागतं, ज्यांना हे खटकतं त्यांनी म्युझिशियन लोकांचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत, महाग पडतात पण वर्षानुवर्षं टिकतात अन् आवाज सगळीकडून सारखा कमी करतात. मित्र चिडवतील, चिडवू द्या, सगळ्यांसाठी एकेक जोडी जास्तीची न्या, दुसऱ्या गाण्यानंतर मागतात.

उभं कुठे राहायचं. सगळे पुढे पळतात, अन् एकदा अनुभव म्हणून पुढे जाणं ठीकच आहे, गिटारवाल्याची बोटं दिसतात, घाम दिसतो, ती मजा वेगळी. पण आवाज ऐकायचा असेल तर मैदानाच्या मधोमध जो साउंडवाल्यांचा मंडप असतो, मिक्सरचं मोठं टेबल, त्याच्या आसपास उभे राहा. साउंड इंजिनीअर तिथे उभा राहूनच बॅलन्स लावतो, म्हणजे जे त्याला ऐकू येतं तेच तुम्हाला. अगदी पुढे काय होतं, बासचे मोठे डबे जमिनीवर तुमच्या छातीसमोर अन् मेन स्पीकर वर टांगलेले, त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे, त्यामुळे बास छातीत बसतो पण शब्द डोक्यावरून जातात. खूपच मागे गेलात तर वेगळं, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे शंभर मीटरवर ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते अन् ठोका नंतर येतो. मोठ्या शोमधे मधे जादा स्पीकर लावतात पण डोळ्याचा अन् कानाचा मेळ काही बसत नाही. म्हणून मी मागचं तिकीट घ्या म्हणालो, मंडप बहुतेक वेळा जनरलच्या तोंडाशीच असतो.

टाळ्या वाजवायचं एक सांगतो. आरतीची सवय असते आपल्याला, प्रत्येक मात्रेला टाळी, रॉकमधे स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, जो ठोका येतो तो बहुतेक दोनवर अन् चारवर असतो. मनात एक दोन तीन चार मोजा अन् त्या ठोक्यावर टाळी द्या. पूर्ण ग्रुप जेव्हा बरोबर स्नेअरवर पडतो तेव्हा आजूबाजूचे पण जोडले जातात, स्टेजवरून बँडला ते ऐकू जातं, गाणं खरंच उचललं जातं.

पुढे मोशपिट झाला, म्हणजे मधे गोल करून धक्काबुक्की नाच, तर त्याचे नियम साधे आहेत. कोणी पडला की सगळ्यांनी थांबून आधी त्याला उचलायचं. ज्याला आत यायचं नाही त्याला ओढायचं नाही. कोपर खाली, चष्मा काढून ठेवा. मुलींना कोणी त्रास देत असेल तर बघत बसू नका, मधे उभे राहा अन् बाउन्सरला हाक मारा. अन् गर्दी नाचण्याऐवजी दाबायला लागली, हलता येईना, तर हात छातीसमोर बॉक्सिंगसारखे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, उलट दिशेने जोर लावू नका, लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका.

गेटच्या आत गेल्या गेल्या भेटायची जागा ठरवा. "स्टेजच्या डाव्या बाजूला" ही जागा नाही, तिथे दोन हजार माणसं असतील. अमुक नंबरचा खांब, पाण्याचा अमुक स्टॉल, असं ठरवा अन् वेळ पण ठरवा, कारण हजारो फोन एका टॉवरवर आले की नेट बसतं, व्हॉट्सअॅप जात नाही, लाइव्ह लोकेशन तर विसराच, यूपीआय पण अडकतं. चार-पाचशे कॅश ठेवा. तिकीट आधीच डाउनलोड केलेलं असू द्या.

लवकर जायचं अजून एक कारण म्हणजे ओपनिंग बँड, मुख्य बँडच्या आधी वाजवणारा. इंदूर-भोपाळची पोरं असतात पुष्कळदा, कॉलेज करून, नोकरी करून रियाज करणारी, अन् त्यांच्यासमोर अर्धं मैदान रिकामं असतं. इथे मोठा बँड बघायचा तर अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबईला जावं लागायचं, मेटॅलिका २०११ ला भारतात आली ती पण बंगळुरूला वाजवून गेली. आपल्या शहरात शो व्हायचे असतील तर आपली पोरं आधी टिकली पाहिजेत. पुढे जाऊन उभे राहा, टाळ्या द्या, त्यांचं नाव विचारा, टी-शर्ट विकत असतील तर एक घ्या.

व्हिडिओ एका गाण्याचा घ्या, बस. तसंही फोनचा माइक एवढ्या आवाजात फाटतो, घरी येऊन ऐकलं तर नुसता घर्र घर्र.

निघताना सगळ्यांसोबत पार्किंगकडे धावू नका. गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावा, कॅब करायची असेल तर आधी मेन रोडपर्यंत चालत जा मग बुक करा, गेटवर भाडं चढलेलं असतं अन् गाडी आत येऊच शकत नाही. जो चालवणार तो पिणार नाही, यात वाद नको, बायपासला रात्री ट्रक असतात. आई-बाबांना निघाल्याचा फोन गर्दीच्या बाहेर येऊन नेटवर्क आल्यावर लगेच करा.

अन् मग सराफा बाजार. दहाला शो संपण्याचा हा आपल्या शहरातला मोठा फायदा, सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या भर रंगात आलेल्या असतात. चारला पोटभर काही खाऊन निघाला असाल तर आता परत कडकडून भूक लागलेली असते. आधी तिखट घ्या, गरम गरम गराडू (तळलेला कंद) जिरावन मसाला अन् लिंबू मारून, भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस, गोड शेवटी. इअरप्लग काढलेत की नाही बघा, कारण कोणतं गाणं सगळ्यात भारी झालं यावर वाद इथेच होतो.

घरी जाऊन पाणी प्या, झोपा. दुसऱ्या दिवशी कानात शिटी वाजल्यासारखं वाटत असेल तर त्या दिवशी हेडफोन लावू नका, बहुतेक वेळा दिवसभरात जातं. दोन दिवस झाले तरी राहिलं किंवा एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं तर थांबू नका, कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा, अशा वेळी उपचार जितके लवकर तितका फायदा जास्त.